दातातली कीड कुणी पाहिली आहे?

दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं आणि ते शाळेतल्या मुलांना कसं समजावून सांगायचं, हा आजच्या भागाचा विषय. मी दंतवैद्य आहे, शाळांमध्ये दंततपासणीला जातो. तिथे एखादं तरी मूल विचारतंच, "डॉक्टर, माझ्या दातातली कीड मला दाखवाल?"

प्रश्न रास्त आहे. धान्याला कीड लागते, कापसाला लागते, तशीच दाताला लागते, असं आपली भाषाच सांगते. हिंदीतही दातात 'कीड़ा' लागतो. जगात अनेक ठिकाणी शतकानुशतकं हीच समजूत होती. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ही दंतकृमीची कल्पना नाकारली. पण समजूत चिवट असते. आणि तिचा तोटा असा, की कीड बाहेरून येते म्हटलं की मुलाला वाटतं, आपल्या हातात काहीच नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, दातात अळी नसते. तिथे तीन गोष्टी एकत्र येतात: चिकट थर, अडकलेलं अन्न आणि वेळ.

पहिला थर. सकाळी ब्रश करण्याआधी दातांवरून जीभ फिरवायला सांगा. बुळबुळीत, खरखरीत लागतं ना? तोच प्लाक. ब्रश केल्यावर काही तासांतच तो पुन्हा जमू लागतो. त्यात असंख्य जिवाणू असतात. लेव्हेनहुक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा असा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे जीव आहेत, असं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. हा थर नुसत्या चूळ भरण्याने जात नाही, तो घासूनच काढावा लागतो.

दुसरं अन्न. मुलांना एक बिस्किट खायला द्या आणि पाच मिनिटांनी आरशात दाढा बघायला सांगा. खाचांमध्ये पिवळसर लगदा दिसेल. बिस्किट, वेफर्स, चिक्की असे पदार्थ दाताला चिकटून राहतात. त्यातली साखर आणि लाळेने फोडलेला स्टार्च जिवाणू खातात आणि आम्ल सोडतात. दाताला भोक पाडतं ते हे आम्ल.

आम्ल काय करतं, ते दाखवायला अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाका. वर्गात अंडं चालत नसेल तर समुद्रावरचा शिंपला घ्या. लगेच बुडबुडे येतात, आणि अंड्याचं कवच दुसऱ्या दिवशी मऊ पडलेलं दिसतं. दाताचं एनॅमल वेगळ्या खनिजाचं आणि खूप कठीण असतं, त्यामुळे तिथे बुडबुडे येत नाहीत आणि झीज सावकाश होते, हेही मुलांना सांगा. पण आम्लात खनिज विरघळतं, हे दोन्हीकडे सारखंच.

तिसरी गोष्ट वेळ, आणि ती आपण सहसा विसरतो. गोड खाल्लं की प्लाकमधला सामू काही मिनिटांत साधारण ५.५ च्या खाली जातो आणि एनॅमलमधलं खनिज सुटू लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल शमवते आणि खनिज परत भरते. याला अर्धा तास, कधी तासभर लागतो. आता हिशेब करा. पाच गोळ्या जेवणाबरोबर एकदम खाल्ल्या तर दातावर एकच हल्ला. त्याच दिवसभर एकेक करून चघळल्या तर पाच हल्ले, आणि लाळेला उसंतच नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको.

सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणि लाळ मिळून दात सावरू शकतात. एकदा खड्डा पडला की तो आपला आपण भरून येत नाही.

पालकांनो, आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. "पडणारच आहे" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती पडणार नसते, जन्मभर पुरवायची असते. तिच्या खाचा खोल असतात. काही तर इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत जात नाही. त्या बुजवण्यासाठी दंतवैद्य सीलंट लावू शकतात, त्याबद्दल जरूर विचारा.

ओळखायचं कसं? समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. पाचपर्यंत दुधाचे, सहावी ती कायमची. आज रात्री मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि मोजा. सहावी दाढ दिसली, तर ब्रश तिथपर्यंत पोहोचतोय ना, तेही पाहा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तिथे नीट वळत नाही, तेव्हा शेवटचा हात तुम्हीच फिरवा.

पुढच्या भागात हिरड्यांविषयी बोलू.