मापात पाप नसावे

कळमनुरीच्या बाजारात हळदीचे किंवा सोयाबीनचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते आणि आकडा क्षणात उमटतो. वडिलांचे बोट धरून उभे असलेले मूल तो आकडा वाचते. परंतु एक किलो हाताला किती जड लागतो, हे त्याला सांगता येईलच असे नाही. एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर, हे पाठ असते. घरच्या तांब्यात किती पाणी मावते, याचा मात्र अंदाज नसतो.

1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने रूढ झाला. त्यापूर्वी घरोघरी चिपटे, मापटे, शेर, पायली अशी मापे होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मोजता मोजताच मुले दुप्पट-निमपट शिकत. ती मापे गेली, तरी ती रीत घरात टिकवता येते.

प्रथम अंदाज, मग मोजणी, शेवटी दोहोंतील फरक, हा क्रम पाळावा. मिठाची एक किलोची पिशवी एका हातात देऊन दुसऱ्या हातातील डाळीचे वजन मुलाला ओळखू द्यावे. उंच पेल्यातील पाणी पसरट वाटीत ओतले की ते कमी झाले, असे लहान मूल म्हणते. सुमारे सात वर्षांपर्यंत हे स्वाभाविक आहे, असे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी दाखविले. तेव्हा रागावू नये. पाणी पुन्हा पेल्यात ओतून दाखवावे.

लांबीसाठी तर साधन अंगभूतच आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात आरंभीच मापांची कोष्टके येतात : बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. मुलाने आपल्याच बोटांनी हे पडताळावे. आजीची वीत मोठी आणि आपली लहान, हे ध्यानी आले की सर्वांसाठी एकच मीटर का हवा, हे त्याला आपोआप उमगते.

काळाचे माप धर्माचरणातच आहे. सामायिक 48 मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे. नवकारसीही सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी. आजचा सूर्योदय पाहून पारण्याची वेळ काढण्याचे काम नातवंडाकडे सोपवावे.

तथापि मोजणे हे केवळ गणित नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' सांगितला आहे : देताना कमी मापाने देणे, घेताना अधिक मापाने घेणे. हा दोष मोठेपणी दुकानात टाळायचा, तर त्याचा संस्कार बालपणी स्वयंपाकघरात व्हावा. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती परत करताना वाटी मुलाच्या हाती द्यावी. वाटी तीच असावी, आणि आणताना शिगोशिग भरली असेल, तर परत जातानाही शिगोशिगच भरावी.