मुक्या यंत्रांची विचारपूस

तान्हे मूल रडू लागले म्हणजे त्याला काय दुखते हे आईला तर्काने ओळखावे लागते. कारण त्याला सांगता येत नाही. आमच्या शाळेत छताला लाविलेल्या वाय-फायच्या पांढऱ्या पेट्यांविषयीही पुष्कळांची अशीच समजूत असते. दिवा हिरवा असला म्हणजे पेटी धड आहे, विझला म्हणजे बिघडली, यापलीकडे ती बिचारी काय सांगणार, असे आम्हीही काही काळ समजत होतो. वस्तुतः ही यंत्रे तितकी मुकी नाहीत. त्यांना रीतसर विचारले तर ती आपली प्रकृती अंकांनी सांगतात. हे विचारणे कसे चालते, आणि अंकांचा अर्थ न जाणल्यास एखाद्या निरपराध मनुष्यावर कसा आळ येतो, हे ह्या लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. वाचनालयातील संगणक तारेने जोडलेले नसून तेथील पेटीमार्फत बिनतारी जोडलेले आहेत. काही दिवस असे होऊ लागले की, दुपारच्या सुट्टीनंतर तेथे एखादे पान उघडावयास मिनिट मिनिट लागे. कोपऱ्यातील संगणकावर इयत्ता नववीतील एक विद्यार्थी नित्य बसत असे. तो चोरून चित्रपट उतरवून घेतो व त्यामुळे इतरांची वाट अडते, अशी कुजबूज सुरू झाली. कुजबुजीचे बोलणे झाले आणि बोलण्याचा आरोप झाला. त्याने नाही म्हटले. पण पेटीचा दिवा तर हिरवा होता, मग दोष कोणाचा? त्याची वाचनालयात येण्याची परवानगी काढून घ्यावी इथपर्यंत गोष्ट आली, आणि खेदाची गोष्ट ही की, त्या मतास आम्हीही अनुकूल होतो. इतक्यात आमचे एक सहकारी म्हणाले, “मुलाला शिक्षा करण्यापूर्वी एकदा पेटीला तर विचारून पाहू.”

आता हे विचारावयाचे कसे? त्याकरिता जी पद्धती जगभर रूढ आहे तिला सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, संक्षेपाने एसएनएमपी, असे म्हणतात. हिचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. इंटरनेटचे जाळे झपाट्याने वाढू लागले तेव्हा दूरदूरच्या यंत्रांवर देखरेख कशी ठेवावी हा प्रश्न उत्पन्न झाला. १९८८ साली जेफ्री केस, मार्क फेडॉर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन ह्या चौघांनी ही पद्धती लेखनिविष्ट केली. त्या वेळी तिच्याकडे तात्पुरती सोय म्हणूनच पाहिले गेले. पुढे अधिक भव्य व परिपूर्ण पद्धती येईल आणि ही मागे पडेल, अशी योजना होती. परंतु ती भव्य पद्धती इंटरनेटवर रुजलीच नाही, व तात्पुरती म्हणून आलेली ही साधी पद्धती आजतागायत टिकून आहे. साधेपणा हेच तिच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण होय.

तिचा साधेपणा असा. प्रत्येक यंत्रात एक लहानसा कार्यक्रम सदैव जागा असतो; त्यास एजंट म्हणतात. देखरेख करणाऱ्या संगणकावर दुसरा असतो, तो मॅनेजर. मॅनेजर विचारतो, “अमुक क्रमांकाच्या खणात काय आहे?” एजंट उत्तर देतो. “त्याच्या पुढच्या खणात काय आहे?” असेही विचारता येते, व अशा रीतीने एकेक पाऊल टाकीत सर्व खण पाहून होतात. क्वचित एजंट न विचारताही आपण होऊन वर्दी देतो. तीस ट्रॅप म्हणतात. विचारणा १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जाते व वर्दी १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येते. मात्र ही वर्दी पोच न घेतलेल्या चिठ्ठीसारखी असते. वाटेत गहाळ झाली तर कोणास पत्ताही लागत नाही. म्हणून शहाणा मॅनेजर केवळ वर्दीवर विसंबून राहत नाही. वर्गशिक्षक जसे रोज हजेरी घेतात, तद्वत् तो ठरावीक वेळाने, बहुधा दर पाच मिनिटांनी, स्वतः प्रश्न विचारीत असतो.

परंतु खणांचे क्रमांक ठरविले कोणी, आणि कोणत्या खणात काय आहे हे कळावे कसे? येथेच मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस, म्हणजे एमआयबी, हिचा उपयोग होतो. नावावरून ही माहितीची कोठी असावी असे वाटते. पण मॅनेजरजवळ एमआयबी म्हणून जे लिखाण असते ते कोठी नसून कोश आहे. आकडे यंत्रातच असतात. अमुक क्रमांकाचा आकडा म्हणजे काय, तो कशात मोजला आहे, तो बदलता येतो की नुसता वाचता येतो, एवढेच ह्या कोशात लिहिलेले असते.

क्रमांकांची रचना टपालाच्या पत्त्यासारखी आहे. देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, घर असे आपण उतरत जातो, तसेच येथेही. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० हा पत्ता पाहा. पहिले चार अंक आपणांस इंटरनेटच्या शाखेवर आणून सोडतात. पुढील २ व १ सर्व यंत्रांना समान अशा मूळ कोशाकडे नेतात. त्यानंतरचा १ म्हणजे यंत्राची सामान्य माहिती, आणि ३ म्हणजे ते सुरू होऊन किती काळ लोटला तो. शेवटचे शून्य ‘हा आकडा एकच आहे, त्याची ओळ शोधावयास नको’ एवढे सांगते. ह्या पत्त्यावर ८६,४०,००० असे उत्तर आले तर कोश न पाहणारा मनुष्य गोंधळून जाईल. कोश पाहणाऱ्यास कळेल की हा काळ सेकंदाच्या शतांशांत मोजलेला आहे, म्हणजे यंत्र सुरू होऊन बरोबर एक दिवस झाला. सर्वसामान्य यंत्रांचा हा मूळ कोश १९९१ साली सुधारून प्रसिद्ध झाला. शिवाय निरनिराळ्या कारखानदारांस आपापल्या खास गोष्टींकरिता १.३.६.१.४.१ ह्या शाखेखाली स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. सिस्कोचा ९, मायक्रोसॉफ्टचा ३११, इत्यादी.

बिनतारी यंत्रांचा कोश निराळा आहे. वाय-फायचे ८०२.११ हे मानक १९९७ साली ज्या संस्थेने प्रसिद्ध केले, त्या आयईईईनेच तो तयार केला; त्याचा पत्ता १.२.८४०.१००३६ ह्या अंकांनी सुरू होतो. तारेच्या जाळ्यात न उद्भवणारे प्रश्न ह्यात विचारता येतात. तारेतून पाठविलेला निरोप बहुधा पोहोचतोच. हवेतून पाठविलेल्या निरोपास मात्र गोंगाटाशी झगडावे लागते. म्हणून वाय-फायची पेटी प्रत्येक फ्रेमची, म्हणजे निरोपाच्या प्रत्येक तुकड्याची, पोच मागते. पोच न आल्यास तोच तुकडा पुन्हा पाठविते. आणि पुष्कळ वेळा पाठवूनही पोच आली नाही तर नाद सोडून देते. ज्या यंत्रांत हा कोश पुरविलेला असतो त्यांस किती तुकडे पोहोचले, त्यांपैकी किती पुन्हा पाठवावे लागले, किती सोडून द्यावे लागले, आणि यंत्र सध्या कोणत्या चॅनेलवर बोलत आहे, हे सर्व विचारता येते.

येथे आमच्या विद्यार्थिवाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. काही आकडे तापमापकासारखे असतात. ह्या घटकेस पेटीशी किती संगणक जोडलेले आहेत, हा त्यांपैकी एक. तो वर जातो, खाली येतो. पाहिला की कळला. दुसरे आकडे घरच्या विजेच्या मीटरसारखे असतात. मीटर १२,४०० दाखवितो म्हणून ह्या महिन्यात तेवढी वीज जळली असे कोणी म्हणत नाही. मागील वाचन वजा करावे लागते. पाठविलेल्या बाइटांचा आकडा ह्या जातीचा आहे. एकदा वाचून काही अर्थबोध होत नाही. दोनदा वाचून वजाबाकी करावी तेव्हा तो बोलू लागतो. त्यातही दोन फसव्या जागा आहेत. जुन्या धर्तीचा हा मीटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो व नंतर पुन्हा शून्यावर येतो. सेकंदास दहा कोटी बिट वाहून नेणारा मार्ग पूर्ण भरून वाहत असल्यास हे सहा मिनिटांच्या आतच घडते. म्हणून वेगवान मार्गांकरिता पुढे अधिक मोठे मीटर ठरविण्यात आले. दुसरे असे की, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यास मीटर बहुधा शून्यापासून मोजू लागतो. यासाठी वजाबाकीपूर्वी यंत्र सुरू होऊन किती काळ झाला तेही विचारावे.

आता मूळ हकीकतीकडे वळू. दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर, सर्व संगणक चालू असताना व तो मुलगाही आपल्या नेहमीच्या जागी असताना, आम्ही पेटीस पाच मिनिटांच्या अंतराने दोन वेळा तेच प्रश्न विचारले. वजाबाकी करता असे दिसले की, पेटीतून सुमारे ९० लक्ष बाइट गेले होते, म्हणजे सेकंदास ३० हजार. ह्या वेगाने शंभर कोटी बाइटांचा एक चित्रपट उतरवून घेण्यास नऊ तासांहून अधिक काळ लागता! कोणी वाट अडविली असती तर हा आकडा फुगलेला दिसला असता. तो तर क्षुल्लक निघाला. वाट भरलेली नव्हती, तरी माणसे खोळंबली होती.

मग दुसरी वजाबाकी केली. पोहोचलेल्या दहा हजार तुकड्यांपैकी चार हजार तीनशे पुन्हा पाठवावे लागले होते, आणि सहाशे तुकड्यांचा तर पेटीने नादच सोडला होता. म्हणजे दोष गर्दीचा नसून गोंगाटाचा होता. हा गोंगाट कोठून आला? शेजारच्या संगणक-खोलीतील व शिक्षकांच्या खोलीतील पेट्यांस त्यांचे चॅनेल विचारले. उत्तरे आली ७ व ८. वाचनालयाचा चॅनेल होता ६.

हे क्रमांक आम्हीच दिले होते. पेट्या बसविताना आमचा विचार असा की, तिघींस तीन निरनिराळे अंक दिले म्हणजे तीन निरनिराळ्या वाटा झाल्या. पण येथेही कोश न पाहता अंक वापरल्याचे हे फळ होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठोपाठचे दोन चॅनेल एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर असतात, आणि वाय-फायचा एक आवाज सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. सबब ६, ७ व ८ ह्या तीन वाटा नसून एकाच वाटेवर तिघांनी एकमेकांचे न ऐकता बोलणे होय. जे खरोखर एकमेकांस उपद्रव देत नाहीत असे चॅनेल १, ६ व ११ आहेत. सुट्टीनंतर संगणक-खोलीत तास सुरू होई व शिक्षकही आपल्या कामास बसत. त्याच वेळी वाचनालयाचा आवाज बुडून जाई. आम्ही तिन्ही पेट्यांस १, ६ व ११ असे चॅनेल दिले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजणी केली तेव्हा पुन्हा पाठवाव्या लागलेल्या तुकड्यांचे प्रमाण शेकडा त्रेचाळिसावरून आठावर आले होते, व वाचनालयात तक्रार उरली नव्हती.

ह्या पद्धतीविषयी एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. एजंट उत्तर देण्यापूर्वी एक परवलीचा शब्द मागतो. जुन्या दोन आवृत्त्यांत हा शब्द उघडाच पाठविला जातो, आणि पुष्कळ यंत्रांत तो कारखान्यातून ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. तो न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणे होय. विशेषतः ज्या शब्दाने आकडे नुसते वाचता येत नाहीत तर बदलताही येतात, तो तसाच राहिला तर अनोळखी मनुष्यही आपली यंत्रे हवी तशी फिरवू शकेल. २००२ साली पूर्ण मानक म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत विचारणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची व संभाषण गुप्त ठेवण्याची सोय आहे; ज्यांच्या यंत्रांत ती असेल त्यांनी तिचाच उपयोग करावा, आणि केवळ देखरेखच करावयाची असेल तर बदलण्याचा अधिकार बंदच ठेवावा.

त्या विद्यार्थ्याची आम्ही वाचनालयात सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो काय करीत असे म्हणून विचारता, आपल्या धाकट्या बहिणीकरिता गणिताची उदाहरणे उतरवून घेत असे, एवढेच त्याने सांगितले. तेव्हापासून दर सोमवारी पेट्यांची हजेरी तोच घेतो व वजाबाकी करून वहीत टिपून ठेवितो. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, कोणी न सांगता, त्याने प्रत्येक अंकासमोर त्याचा अर्थ लिहून ठेविला आहे.

अंक खोटे बोलत नाहीत असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे. परंतु त्यांची भाषा शिकल्यावाचून ते खरेही बोलत नाहीत, ही त्याची दुसरी बाजू आहे. हिरवा दिवा पाहून आम्ही यंत्रास निर्दोष ठरविले, आणि ज्या मुलाला बोलता येत होते त्याचे मात्र ऐकले नाही. मुक्या यंत्राची विचारपूस करण्याची विद्या उत्तम खरी; पण ती शिकताना बोलत्या माणसाची विचारपूस आधी करावी, हा धडा आम्हांस एका नववीतील विद्यार्थ्याने दिला, तो आम्ही कृतज्ञतापूर्वक येथे नमूद करून ठेवितो.