हँडल दोन इंच वर, वायर सहा इंच लांब



पाठदुखी हा आपल्या धंद्याचा आजार. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि संध्याकाळी बॉथेलपर्यंत मोटरसायकलवर वाकून यायचं, हे माझ्या मणक्याला काही जमेना. डॉक्टर म्हणाले, बाइक विका. मी त्याऐवजी हँडल वर घ्यायचं ठरवलं. (बायको या वाक्यावर अजूनही मान हलवते.)

बाइक 2005 सालची, सेकंडहँड, 650 सीसी, एकच सिलिंडर. हँडलखाली ठोकळे बसवून ते दोन इंच वर आणि थोडं मागे घेतलं. ब्रेकची नळी लांबीला कमी पडली, तिला जोड देता येत नाही, म्हणून ती लांब नवीन बसवून घेतली. राहिल्या वायरी. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की डावीकडच्या स्विचच्या वायरी तंबोऱ्याच्या तारेसारख्या ताणायच्या. डाव्या बाजूच्या नऊ, उजव्या बाजूच्या सहा.

आता आपण पडलो इंजिनिअर. पंधरा वायरी लांब करायला काय लागतं? सप्टेंबरातल्या एका रविवारी गॅरेजमध्ये बसून सगळ्या कापल्या, घरात पडलेली स्पीकरची वायर मध्ये घातली, नाशिकला चौकातला बॅटरीवाला करायचा तसा पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. मल्टिमीटर लावला, पंधराच्या पंधरा वायरींवर बीप वाजला. दिवा लागला, हॉर्न वाजला. दोन तासांत काम खलास.

नोव्हेंबरात रेडमंडहून 202 नंबरच्या रस्त्यानं घरी येत होतो. त्या दिवसांत इथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती भुरभुर. वूडिनव्हिलच्या अलीकडे वळताना पुढचा दिवा गेला. अप्पर दाबला, तोही नाही. पुढे काळोख, मागे गाड्यांची रांग. मागचा लाल दिवा चालू होता म्हणून मागच्याला मी दिसलो, एवढंच. रस्त्याच्या कडेला चिखलात उतरलो आणि घरी फोन केला. बायको आली, तिच्याबरोबर बाबा.

बाबा ऑक्टोबरपासून आमच्याकडे होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्य काढलेला माणूस. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात त्यांना माहीत आहे, पहिला महिना कौतुकात जातो आणि मग खिडकी. गाडी येत नाही, ओळखीचं कोणी नाही, नातीची शाळा सुटेपर्यंत करायचं काय? त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत. शनिवारी सकाळी मात्र माझ्याआधी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले होते.

"बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ," पहिली आज्ञा. कारण साधं आहे: पॉझिटिव्ह आधी काढायला गेलो आणि पाना चेसीला टेकला, तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह निघालेली असली तर पाना कुठेही टेकू दे.

फ्यूज शाबूत होता. टेप सोडवली तर आत पाणी, आणि तांबं हिरवं पडलेलं. दिव्याच्या स्विचला करंट नेणारी वायर पिळातून सुटली होती. तीच वायर डिपर आणि अप्पर दोन्हींना पुरवते, म्हणून दोन्ही एकदम गेले.

मी म्हटलं, "पण बाबा, मी सगळे जोड तपासले होते, बीप वाजला होता."

"अरे, बीपला किती करंट लागतो? दिव्याला किती लागतो?"

मंडळी, हे मला चार वर्षं शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. बीप वाजवायला मीटर जेमतेम मिलीअँपिअर सोडतो. तेवढा करंट तारेच्या एका धाग्यातूनही जातो. 55 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरहून जास्त ओढतो. वॉशिंग्टन राज्यात मोटरसायकलचा दिवा दिवसाही चालू ठेवावा लागतो (भारतातही एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर लागतो), म्हणजे तो जोड गाडी चालेल तितका वेळ राबतो.

बाबांनी बॅटरी परत जोडायला लावली, सुटलेल्या वायरीला तात्पुरती क्लिपची वायर लावली, दिवा पेटवला आणि डिपरच्या वायरीवरच्या एका जोडाच्या दोन बाजूंना मीटर धरला. 0.8 व्होल्ट! बाहेरून धडधाकट दिसणारा जोड. 0.8 गुणिले 4.5, म्हणजे साडेतीन वॅटच्या वर उष्णता त्या टेपच्या आत, आणि दिवा तितका मंद. मला वाटत होतं काच मळली आहे. आमच्या बजाज सुपरचा दिवा सिग्नलला मंदावायचा आणि एक्सिलरेटर पिळला की मोठा व्हायचा, त्यामुळे मंद दिव्याचं आपल्याला काही वाटतच नाही!

वायरीच्या लांबीची भीती मात्र फुकाची. सहा इंच वायर कितीही बारीक घेतली असती तरी पाच-पन्नास मिलीव्होल्ट गेले असते. मार खातो तो जोड.

मग दोन शनिवार आम्ही तीस जोड नव्यानं केले. 16 गेजची बारीक धाग्यांची वायर, दाबून बसवायच्या तांब्याच्या नळ्या, रॅचेटची पक्कड, आणि आतून गोंद लावलेली श्रिंक स्लीव्ह. (स्लीव्ह आधी वायरीत ओवायची असते. पहिल्या चार वेळा विसरलो.) मी डाग द्यायच्या विचारात होतो. बाबा नको म्हणाले: कथील धाग्यांमधून वर चढतं, तिथे वायर काडीसारखी ताठ होते, आणि हँडल हलून हलून नेमकी त्या काडीच्या टोकाला तुटते. प्रत्येक जोड हातानं ओढून पाहिला. शेजारच्या वायरीचे जोड इंचभर पुढेमागे ठेवले, म्हणजे जुडगा एका जागी फुगत नाही. हँडल वळतं त्या जागी एकही जोड नाही. डोळ्यांमुळे बाबांना रंगांच्या रेघा दिसेनात, म्हणून रंग मी सांगायचा आणि मीटर त्यांनी धरायचा. त्याच दिव्यावर आता मीटर 0.01 दाखवतो.

उजवीकडच्या सहा वायरींत इंजिन बंद करायच्या स्विचच्याही होत्या. त्यांचे पीळही तितकेच हिरवे निघाले. पुढचा दिवा गेला तेव्हा मी निदान चालत्या गाडीवर होतो. 405 वर मधल्या लेनमध्ये इंजिनच बंद पडलं असतं तर, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल.

तुमच्यापैकी कोणी हे करणार असेल तर आधी वायरी बांधलेल्या पट्ट्या कापून मार्ग बदलून पाहा, पुष्कळदा दोन इंच तिथेच मिळतात. नाहीच मिळाले तर मूळ वायर कापू नका. दोन्ही टोकांना कंपनीसारखेच प्लग असलेली छोटी मधली केबल करा, मूळ कोडला हात न लावता मध्ये अडॅप्टर घालतो तसं. शेवटी गॅरेजचं दार उघडं ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर एक्सिलरेटरची केबल ताणते आहे, गाडी बाहेर काढू नका.

बाबा एप्रिलात परत गेले. रॅचेटची पक्कड आणि उरलेल्या नळ्या बॅगेत घालून घेऊन गेले. शेजारच्यांच्या स्कूटरचं काहीतरी करायचं आहे म्हणे. इथे हीटेड ग्रिप्सचा खोका न उघडता पडला आहे, तेव्हा आता पक्कड परत मागवणं आलं. :-)

चूकभूल द्यावी घ्यावी.