हाक आणि पंगत

औरंगाबादेत गुलमंडीच्या बाजारात वावरणाऱ्या सर्वसामान्य माणसाला ख्रिस्ती उपासना ठाऊक असते ती बहुधा नाताळपुरती. त्यामुळे एखाद्या सुवार्ता सभेची चित्रफीत त्याने पाहिली, की प्रवचनाच्या शेवटी पाळकाने दिलेली ‘पुढे या’ ही हाक आणि डोळे पुसत मंचाकडे निघालेली माणसे, हेच या धर्माचे सार असावे असे त्याला वाटते. खरे तर ही प्रथा अगदी अलीकडची. अमेरिकेत चार्ल्स फिनी यांनी 1830 च्या सुमारास पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना सभेत पुढच्या बाकावर बोलावण्याची पद्धत रूढ केली. याच धाटणीचे मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईत आले. प्रभुभोजन मात्र, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, पहिल्या शतकापासून चालत आलेला आहे. माझ्या मते ही हाक मुळात त्या भोजनाचेच आमंत्रण होती. भोजनापासून तोडल्यामुळे ती अर्धी राहिली.

याचा पुरावा औरंगाबादेतच सापडतो. येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे काम चालवणारे रतनजी नौरोजी जन्माने पारशी होते, आणि त्यांची उपासनापद्धती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. त्या पद्धतीत भाकर देण्यापूर्वी धर्मगुरू मंडळीला सांगतो, की ज्यांना खरा पश्चात्ताप झाला आहे आणि शेजाऱ्याशी ज्यांचा सलोखा आहे, त्यांनी जवळ यावे. लोक उठतात, वेदीपुढे गुडघे टेकतात, एकाच प्याल्यातून पितात. म्हणजे हाकही आहे, पुढे जाणेही आहे. फक्त शेवटी पंगत आहे आणि शेजारचा माणूस आपण निवडलेला नाही. आपल्या देशात खरी परीक्षा इथेच होते. तंजावरकडच्या मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी हा पंक्तिभेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा कित्येकांनी मंडळीच सोडली. येशूला मानायला त्यांची हरकत नव्हती, अडचण होती ती पंक्तीची.

यावर कोणी म्हणेल, की विधीची सवय होते, मन कोरडेच राहते. हाकेने निदान माणूस स्वतः निर्णय घेतो. आक्षेप खरा आहे. पण भावनेचीही सवय लागते, आणि तेच ते लोक दर सभेत पुढे येताना दिसतात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, झालेल्यांनाच पंगत, मग बाहेरच्यांचे काय? ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांना ही भिंत बोचली. म्हणूनच 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त म्हणून एकत्र येऊ शकत. बाप्तिस्म्याने घरदार तुटते हे टिळकांनी स्वतः भोगले होते, तेव्हा त्यांच्याशी वाद घालणे सोपे नाही. तरी त्यांनी दाखवलेली वाट एकट्याच्या निर्णयाकडे जात नाही. तीही सोबतीकडेच जाते. आज मात्र अनेक स्वतंत्र मंडळ्यांत हाक दर रविवारी दिली जाते, पुढे आलेल्याचे नाव आणि फोन नंबर लिहून घेतला जातो, आणि प्रभुभोजन महिन्यातून एकदा, उपासनेच्या शेवटी, घाईघाईत उरकले जाते.