मत्स्यबीज सोडण्यापूर्वी : कावेरीचा धडा

पावसाळा सुरू झाला की दुर्ग-भिलाई परिसरातील तलावांत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडण्याची लगबग सुरू होते. तलावातील हे संगोपन उत्पादनासाठी असते. शिवनाथसारख्या वाहत्या नदीत मासे सोडणे मात्र निराळे. तेथे एकदा सोडलेले बीज परत घेता येत नाही.

लोणावळा येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महसीरचे कृत्रिम प्रजनन होत आहे. १८३९ मध्ये साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेली ही जाती एकेकाळी संकटग्रस्त मानली जात होती. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तिला तो धोका उरलेला नाही. बंदिस्त प्रजननाचे तंत्र साध्य झाले, हे यश मोठेच आहे.

परंतु हेच बीज कावेरीतही सोडले गेले. तेथे मूळचा कुबडा महसीर नांदत होता. त्याचे वजन ५० किलोंहून अधिक भरत असे. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या असता निळ्या पराचा महसीर वाढत गेला आणि कुबडा दुर्मीळ होत गेला, असे दिसले. २०१८ मध्ये कुबड्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. वाळूउपसा, धरणे व अवैध मासेमारी यांचाही त्याच्या ऱ्हासात वाटा आहे. तरी एका जातीला आधार देणारे बीज दुसरीच्या मुळावर येऊ शकते, ही शंका त्या नोंदींनी बळावली.

बंदिस्त संगोपनही निर्धोक नसते. अमेरिकेतील नेवाडा वाळवंटात ‘डेव्हिल्स होल’ नावाच्या एकाच उष्ण कुंडात राहणाऱ्या पपफिश माशांची संख्या २०१३ मध्ये ३५ पर्यंत घसरली होती. त्यांच्यासाठी उभारलेल्या कृत्रिम कुंडात एक लहानसा पाणभुंगेरा अंडी व पिल्ले फस्त करत असल्याचे आढळले. निवारा नवा असला तरी शत्रू आतच होता.

ट्रायकोग्रामा वापरणाऱ्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. हा मित्रकीटक पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेतच वाढवला, तर शेतात यजमान शोधण्याची त्याची क्षमता मंदावू शकते. माशांनाही हाच न्याय लागू पडतो. टाकीत आयते खाद्य मिळालेली पिल्ले प्रवाहात व शत्रूंपुढे दुबळी ठरू शकतात.

म्हणून नदीत बीज सोडण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात :

• जाती त्याच नदीखोऱ्यातील आहे काय?
• प्रजनक मासे पुरेशा संख्येने व वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले आहेत काय? एकाच जोडीची हजारो पिल्ले ही अखेर भावंडेच असतात.
• बीज विलगीकरणात ठेवून रोग व परजीवींसाठी तपासले आहे काय?
• मूळ मासे कमी होण्याचे कारण दूर झाले आहे काय?
• सोडलेल्या माशांची नोंद पुढील काही वर्षे कोण ठेवणार?

अखेरच्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर बीज सोडण्याचा समारंभ पुढे ढकलणेच हिताचे. नदीतील डोह, विणीच्या जागा व उन्हाळ्यातील पाणी राखले, तर उरलेले मूळ मासे स्वबळावर वाढतात. संगोपन केंद्र हा त्यांच्यासाठी शेवटचा आधार असावा. नदीचा पर्याय नव्हे.