फवारणीच्या डब्यावरचा रंगीत चौकोन काय सांगतो? औंधच्या राजाकडून घेण्यासारखा धडा

तासगाव / औंध : द्राक्षबागेत पहाटे ब्लोअरची टाकी भरताना डब्यावरच्या रंगीत चौकोनाकडे किती जण बघतात? लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी, त्यात निम्मी इंग्रजी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा म्हणून तर हे चित्र आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत ते ठरवून दिलेलं आहे.

चौकोन पतंगासारखा टोकावर उभा असतो. वरच्या अर्ध्या भागात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, त्यावर कवटी आणि हाडं. पिवळा त्याच्या खालोखाल, तोही जहालच. पण पिवळ्यावर कवटी नसते आणि माणूस तिथंच फसतो. निळा मध्यम विषारी, हिरवा त्याहून कमी.

हिरव्याचा घोटाळा वेगळाच. सिग्नलचा हिरवा दिवा म्हणजे 'जाऊ दे' हे डोक्यात बसलेलं. डब्यावरचा हिरवा मात्र 'बिनधोक' म्हणत नाही, 'विष कमी आहे' एवढंच म्हणतो. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे त्यालाही लागतातच. त्यात आपण विषाला 'औषध' म्हणतो. मग चित्र बिचारं काय करणार?

चित्र दाखवून तब्येतीचं शिकवायची रीत आपल्या भागाला नवी नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868-1951) स्वतः चित्रकार होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली कुंडल आणि आटपाडी त्यांच्याच संस्थानात होती. सूर्यनमस्कार कसा घालायचा हे त्यांनी पुस्तकातून फोटोंसह समजावलं. कमरेत किती वाकायचं, गुडघा कुठं टेकवायचा हे नुसतं लिहून कळत नाही, बघून कळतं. त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनला छापलं गेलं, म्हणजे खटाव तालुक्यातला हा व्यायाम चित्रातून साता समुद्रापार गेला. त्याच साली सुरू झालेलं त्यांचं संग्रहालय औंधला यमाईच्या डोंगरावर आजही बघायला मिळतं.

पण राजा फोटो छापून गप्प बसला नाही. तो स्वतः रोज नमस्कार घालायचा, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले. पोरांच्या समोर चित्र होतं आणि शेजारी करून दाखवणारा माणूसही होता.

डब्यावरच्या चौकोनाशेजारी असं कोणी उभं नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-मजुरांचा जीव गेला. चौकोन तेव्हाही डब्यावर होताच.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घोषणा रंगवायला दरसाल पैसे जातात. त्यातल्या एका भिंतीवर हे चार चौकोन मोठे काढले आणि हंगामाच्या तोंडावर कृषी सहायकाने मजुरांना तिथं उभं करून अर्धा तास समजावलं, तर खर्च रंगाच्या चार डब्यांचा. फवारणीला बहुतेक मजूरच असतो, आणि डबा फोडताना मालक जवळ असेलच असं नाही.

फवारताना चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ किंवा अंधुक दिसणं असं काही झालं तर लगेच काम थांबवा. विष लागलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात जाताना रिकामा का होईना, तो डबा आणि आतला कागद सोबत न्या. कोणतं विष आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरला त्यावरूनच लवकर कळतं.