दोन रबर रिंग आणि चार किलोमीटर

रविवारी सकाळी आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कोणी ना कोणी बाईकखाली मेसमधून पळवलेलं पातेलं ठेवून ऑइल काढत बसलेला दिसेल. ऑइल बदलणं म्हणजे केस कापण्याइतकं साधं काम, असं आपण सगळेच समजतो. मीही समजत होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा समज आमच्या घराला ४६,००० रुपयांना पडला. त्यातले अर्धे परत मिळाले. ते कसे मिळाले आणि उरलेले अर्धे का मिळाले नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

घडलं ते असं. आमची छोटी पेट्रोल गाडी आहे, दहा वर्षं जुनी. कोल्हापूरला मावशीकडे जायचं म्हणून बाबांनी आदल्या संध्याकाळी साताऱ्यातल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. २,१५० रुपये झाले, ते यूपीआयने दिले. बिल म्हणजे वहीच्या कागदाची चिठ्ठी. सकाळी मी गाडी चालवत होते आणि शेजारी आई. उंब्रज सोडलं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, तो तेलाच्या झारीचं चित्र असलेला.

"हा कसला गं दिवा?" आई म्हणाली.

"ऑइल थोडं कमी झालं असेल. तासवडे टोलनाका जवळच आहे, तिथे थांबू."

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं हे उत्तर! चार किलोमीटर गेलो असू. आधी टकटक आवाज, मग खडखड, आणि मग इंजिन जे बंद पडलं ते पुन्हा फिरलंच नाही. क्रेनने गाडी कराडच्या एका गॅरेजमध्ये नेली.

आता थोडं तांत्रिक. इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती टेकत नाही. धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. त्या थरावर शाफ्ट तरंगते. हा थर टिकवायला पंप सतत दाबाने ऑइल पुरवत असतो, आणि पंपातून निघालेलं ऑइल आधी फिल्टरमधून जातं. म्हणजे फिल्टरपाशी गळती झाली, तर पंप इमानदारीने सगळं ऑइल रस्त्यावर ओततो. छोट्या गाडीत साधारण तीनच लिटर ऑइल असतं. ते संपायला फार वेळ लागत नाही.

आणि तो लाल दिवा? तो ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तो लागला याचा अर्थ "ऑइल भरायला झालंय" असा नाही. अर्थ असा, की बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाहीये. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन या क्षणी बंद करा! मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पुस्तक आमच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत नवंकोरं होतं.

कराडच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली. इंजिनचा खालचा भाग ऑइलने माखलेला आणि फिल्टरच्या कडेने रबराचा एक तुकडा बाहेर लोंबत होता. फिल्टर खोलला तर आत एक नाही, दोन रबर रिंग! फिल्टरच्या तोंडाला एक रिंग असते, तीच गळती थांबवते. जुना फिल्टर काढताना कधीकधी त्याची रिंग इंजिनलाच चिकटून राहते. ती न काढता वर नवा फिल्टर बसवला की रिंगवर रिंग येते, आणि खाच तर एकीपुरतीच असते. गावात हळू चालवताना अशी जोडी तग धरू शकते. हायवेवर गाडी पळाली, दाब वाढला, आणि वरची रिंग एका बाजूने बाहेर ढकलली गेली.

इथे मी एक काम बरोबर केलं. फिल्टर काढण्याआधी आणि काढताना मोबाईलवर फोटो घेतले, व्हिडिओ घेतला, किलोमीटरच्या काट्याचाही फोटो काढला. फिल्टर आणि दोन्ही रिंगा पिशवीत घालून स्वतःकडे ठेवल्या. कराडच्या मिस्त्रींना लेटरहेडवर लिहून मागितलं: गाडी कधी आली, काय दिसलं, काय बिघडलं. त्यांनी तारीख घालून सही-शिक्का दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुरुस्ती सुरू करू दिली नाही. बाबांनी साताऱ्याच्या मिस्त्रींना फोन केला, "तुम्ही एकदा येऊन बघून जा." आधी दुरुस्ती आणि मग तक्रार, असं केलं तर समोरचा सरळ म्हणू शकतो की मला दाखवलंच नाही.

ते दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आले. दोन रिंगा बघून गप्प झाले. मग इंजिनमधून काढलेलं बेअरिंग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"ताई, लाल दिवा लागल्यावर किती चालवली?"

"लगेच थांबले," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. मिस्त्री म्हणाले, "फिल्टरचा नवा खर्च मी देतो. इंजिनचं माझ्याकडे लागत नाही." आणि निघून गेले.

बाबांचं म्हणणं, बारा वर्षांची ओळख आहे, जाऊ दे. माझं म्हणणं, ओळख आहे म्हणून ४६,००० सोडायचे? (क्रँक घासणं, अंडरसाइज बेअरिंग, नवा ऑइल पंप, मजुरी, क्रेन, सगळं धरून.) मग मी कायदा वाचायला बसले. जे कळलं ते तुमच्यासाठी थोडक्यात देते.

पहिली गोष्ट. गाडी गॅरेजमध्ये सोडली की मिस्त्रीवर तिची काळजी घेण्याची जबाबदारी येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यायला हवी. पावतीवर "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. १९९८ साली दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून मारुती झेन चोरीला गेली. हॉटेलने अशाच छापील ओळीकडे बोट दाखवलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं.

दुसरी गोष्ट, ग्राहक कायदा. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. आता लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. पैसे देऊन घेतलेली सेवा नीट दिली नाही तर ती "सेवेतील त्रुटी". माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमधलं, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. वकील लागतोच असं नाही. आणि गंमत बघा: तक्रार कुठल्या आयोगाकडे जाईल आणि फी किती पडेल, हे नुकसानीवर नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं. पाच लाखांपर्यंत फी शून्य. आम्ही मोजले होते २,१५०! तक्रार ऑनलाइनही करता येते, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. त्याआधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. शिवाय मागूनही बिल न देणं हीसुद्धा याच कायद्याने अनुचित प्रथा आहे. चिठ्ठीवर समाधान मानणं ही आमचीच चूक. यूपीआयची नोंद होती म्हणून वाचलो.

तिसरी गोष्ट, इन्शुरन्स. बाबा म्हणाले, त्यातून मिळेल की. नाही मिळत. नेहमीच्या पॉलिसीत अपघाताचं नुकसान धरतात, यांत्रिक बिघाडाचं नाही.

चौथी गोष्ट मी दोनदा वाचली. त्रुटी सिद्ध करण्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर असतं. आणि करार कायद्याचं कलम ७३ म्हणतं, की भरपाई ठरवताना नुकसान कमी करायचे कोणते उपाय तुमच्या हातात होते, हेही बघितलं जाईल. शिवाय आयोगापुढे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणजे "लगेच थांबले" हे वाक्य मला शपथेवर लिहावं लागणार होतं.

तरी मी मिस्त्रींना द्यायचं पत्र तयार केलं. तारीख, काम, पैसे, काय झालं, पुरावे कोणते, रक्कम किती आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत. असं पत्र आधी द्यावं, पोचही घ्यावी. तिथे न भांडता मुद्दे मांडले जातात. बाबांनी लाल पेन घेऊन माझ्या शुद्धलेखनाच्या तेरा चुका काढल्या. मग म्हणाले, "दिवा लागला आणि गाडी थांबली, यात किती अंतर होतं ते लिहिलं नाहीस."

आई स्वयंपाकघरात होती. तिने सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लगेच बंद केली असती तर किती खर्च आला असता?" मी हिशोब केला. नवं ऑइल, नवा फिल्टर, क्रेन. बेअरिंग बहुतेक वाचलं असतं. सात-आठ हजारांत भागलं असतं. दुसऱ्या बाजूने, रिंग काढली असती तर दिवा लागलाच नसता. सुरुवात त्यांची होती, शेवट माझा.

पत्रात एक ओळ वाढवली: "दिवा लागल्यानंतर गाडी अंदाजे चार किलोमीटर चालवली गेली." रक्कम ४६,००० च्या जागी २३,००० केली. पत्र घेऊन बाबा आणि मी दोघं गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी पूर्ण वाचलं. त्या ओळीपाशी थांबले.

"मला तिथेच कळलं होतं, ताई. लगेच बंद केलेल्या इंजिनाचं बेअरिंग असं निळं पडत नाही. तुम्ही खोटं बोललात, मग मी पण हात वर केले."

मला कुठे बघावं ते कळेना. मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, पोरगा फिल्टर बसवत होता, मी बघायला हवं होतं. ८,००० त्या दिवशी दिले, बाकीचे पाच-पाच हजारांचे तीन हप्ते. हेही कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तिसरा हप्ता फेब्रुवारीत आला.

मित्रमैत्रिणींनो, कुणी म्हणेल आयोगात गेला असतात तर जास्त मिळाले असते. असेलही. मिस्त्री अडून बसले असते तर आम्ही जाणारच होतो, आणि तुमच्यावर वेळ आली तर जरूर जा, तो आपला हक्क आहे. पण एक लक्षात ठेवा. पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. दोन रिंगांनी त्यांची चूक सांगितली, निळ्या पडलेल्या बेअरिंगने माझी.

आता हॉस्टेलपुरतं. बाईकलाही हेच लागू. ड्रेन बोल्ट जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, कमी आवळला तर तो वाटेत पडतो. ऑइल बदलून झालं की इंजिन एक मिनिट चालू ठेवून खाली वाकून बघा. बंद करून थोड्या वेळाने पातळी बघा. जुना फिल्टर मागून घ्या आणि त्याची रिंग त्याच्यावर आहे ना, ते तपासा. पक्कं बिल घ्या. काही बिघडलं तर आधी फोटो, मग फोन, मग दुरुस्ती.

आणि लाल दिवा लागला तर टोलनाक्याची वाट बघू नका.